‘वेंगर आउट’: राग खरा होता, पण पत्ता कुठला होता?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त “म्हणजे” आणि “ॲक्च्युअली” थोडे कमी केलेत.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, आणि बाइकवर असाल तर कृपा करून आधी बाजूला थांबा.

आजचा विषय फुटबॉलचा आहे. फुटबॉल बघत नसाल तरी ऐका, कारण विषय खरं तर रागाचा आहे. आपली टीम हरते, परत हरते, आणि मग आपण सगळे एका सुरात ओरडतो, “या मॅनेजरला हाकला!” हे ओरडणं बरोबर असतं का? त्याने काही बदलतं का? आणि हजारो मैल लांब, पुण्यात नाहीतर नाशकात बसून रात्री दीड वाजता आपण जे टाइप करतो, त्याचं पुढे काय होतं?

यासाठी मी एकच केस घेणार आहे. आर्सेनल आणि आर्सेन वेंगर. युनायटेडवाल्यांनो, पळू नका. तुमचा नंबर पण येणार आहे. तुमचा तर एक गडी ऑक्टोबर २०२४ पासून केस न कापता बसला. टीम सलग पाच मॅच जिंकेपर्यंत कात्री लावणार नाही म्हणाला आणि इंस्टाग्रामवर जगप्रसिद्ध झाला. वैताग काय असतो ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

आधी तो कोण होता ते समजून घेऊ

१९९६ च्या ऑक्टोबरमध्ये वेंगर आर्सेनलला आले. आले कुठून, तर जपानमधून, नागोया ग्राम्पस एट या क्लबमधून. त्याआधी १९८८ मध्ये त्यांनी मोनॅकोला फ्रेंच लीग जिंकून दिली होती, पण इंग्लंडमध्ये त्यांना फार कोणी ओळखत नव्हतं. लंडनच्या पेपरात हेडलाइन आली, ‘आर्सेन हू?’ म्हणजे आपल्या भाषेत, “कोण हा बाबा?”

या बाबाने येऊन काय केलं? खेळाडूंच्या ताटातलं जेवण बदललं. चॉकलेट बंद, उकडलेल्या भाज्या आणि मासे सुरू. स्ट्रेचिंग सुरू. आज हे सगळं नॉर्मल वाटतं, पण त्या काळात इंग्लिश फुटबॉलमध्ये मॅचनंतर बिअर हाच रिकव्हरी प्लॅन होता. १९९८ मध्ये लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. २००२ मध्ये परत दोन्ही. आणि २००३-०४ चा सीझन तर दंतकथाच आहे. ३८ मॅच, २६ विजय, १२ बरोबरी, पराभव शून्य. अख्ख्या लीगमध्ये एकही मॅच हरले नाहीत.

हे आधी का सांगतोय? कारण पुढे लोकांना जो राग आला, त्या रागाची मोजपट्टी याच माणसाने तयार केली होती. दहावीत ९५ टक्के काढणाऱ्या पोराला बारावीत ८० पडले की घरात सुतक असतं ना, तसं. त्याच घरात दुसऱ्या कोणाला ८० पडले असते तर पेढे वाटले असते.

मग बिघडलं कुठे?

२००६ मध्ये आर्सेनलने आपलं जुनं घर हायबरी सोडलं. तिथे साधारण ३८ हजार लोक मावायचे. नवीन एमिरेट्स स्टेडियममध्ये ६० हजार. पूर्ण प्रोजेक्टचा खर्च सुमारे ३९ कोटी पाउंड. घर घेतल्यावर ईएमआय सुरू होतो आणि हॉटेलात जाणं बंद होतं, हे कोणाला समजावायची गरज नाही. क्लबचं तेच झालं. बरं, टायमिंग बघा. २००३ मध्ये अब्रामोविचने चेल्सी घेतलं होतं. २००८ मध्ये मँचेस्टर सिटी अबुधाबीच्या मालकांकडे गेलं. म्हणजे आर्सेनल ज्या वर्षांत हप्ते भरत होतं, त्याच वर्षांत शेजारी नोटांच्या बॅगा घेऊन बाजारात उतरले होते.

आणि तरीही वेंगर दरवर्षी टीमला पहिल्या चारात ठेवत होते. १९९६-९७ ते २०१५-१६, सलग २० सीझन. आज मागे वळून बघितलं तर हे भारीच काम आहे. पण तेव्हा स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला काय दिसत होतं?

त्याला दिसत होतं की चांगला खेळाडू तयार झाला की तो विकला जातो. २०११ मध्ये फाब्रेगास बार्सिलोनाला गेला, नासरी सिटीला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ८-२ ने हरले. आठ! पुढच्या वर्षी कॅप्टन व्हॅन पर्सी थेट मँचेस्टर युनायटेडला विकला. त्याने तिथे लीगमध्ये २६ गोल मारले आणि युनायटेड चॅम्पियन झालं. म्हणजे आपल्याच घरचा बॅट्समन शेजारच्या गल्लीला दिला आणि त्याने आपल्याच खिडकीची काच फोडली. २००५ नंतर ट्रॉफी आली ती थेट २०१४ मध्ये, एफए कप. मधली नऊ वर्षं कोरडी. आणि या सगळ्यात सीझन तिकीट मात्र इंग्लंडमधल्या सगळ्यात महाग तिकिटांपैकी एक.

२०१४ आणि २०१५ मध्ये एफए कप आले, वातावरण जरा निवळलं. पण मग आला २०१५-१६ चा सीझन. माझ्या मते खरा घाव तिथे बसला. त्या वर्षी सिटी, युनायटेड, चेल्सी, सगळेच मोठे क्लब अडखळत होते. लीग उघडी पडली होती. आणि त्या उन्हाळ्यात आर्सेनलने मोठं नाव घेतलं ते फक्त एक, गोलकीपर पेत्र चेक. मैदानात पळणारा एकही नवीन खेळाडू नाही! शेवटी लीग कोणी जिंकली? लेस्टरने. ८१ पॉइंट. आर्सेनल दुसरं, ७१ पॉइंट. कागदावर दुसरा नंबर म्हणजे प्रगती. पण फॅनला कळलं की एवढं उघडं दारही आपल्याला दिसलं नाही.

पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्नशी गाठ पडली. पहिली मॅच १-५, दुसरी पण १-५. एकूण २-१०. आपल्याकडे या मॅच रात्री सव्वा वाजता सुरू व्हायच्या. तीन वाजता फोन बंद करून, सकाळी साडेनऊच्या स्टँडअप मीटिंगमध्ये “काल काय केलंस?” याचं उत्तर द्यायचं, ही वेदना फक्त भारतीय फॅनलाच माहीत आहे.

आणि १८ मार्च २०१७ ला तर कमालच झाली. वेस्ट ब्रॉमच्या मैदानावर मॅच सुरू, आर्सेनल १-३ ने हरतंय, आणि आकाशात विमान. मागे बॅनर, “नवीन कॉन्ट्रॅक्ट नको, वेंगर आउट.” थोड्या वेळाने दुसरं विमान. त्यावर वेंगरच्या बाजूचा मेसेज, “आमचा आर्सेनवर विश्वास आहे.” विचार करा, एकाच क्लबचे फॅन आपापसात विमानं भाड्याने घेऊन भांडतायत. “वेंगर आउट”च्या पाट्या तर कुठे कुठे दिसल्या. अमेरिकेत रेसलमेनियाच्या गर्दीत. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये झिंबाब्वेत मुगाबेंविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, त्या मोर्चातसुद्धा.

तोपर्यंत ती मागणी राहिली नव्हती, मीम झाली होती. आणि कुठल्याही रागाचं मीम झालं की त्यातलं म्हणणं हरवतं आणि फक्त आवाज उरतो.

फॅन चुकीचे होते का?

नाही. हे मी स्पष्ट बोलणार आहे, कारण आजकाल “बिचारे वेंगर, फॅन कृतघ्न” असं बोलायची फॅशन आलीय.

फॅनने पॅटर्न बरोबर पकडला होता. २०११ ते २०१७, सलग सात वर्षं आर्सेनल चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या १६ मध्येच बाहेर पडलं. सात वर्षं, एकाच पायरीवर. आपण सॉफ्टवेअरवाले काय म्हणतो? एकदा क्रॅश झालं तर ते नशीब असू शकतं. दर रिलीजला त्याच ओळीवर क्रॅश होत असेल तर तो बग आहे, आणि तो बग कोणीतरी बघायला हवा. हे सांगायला फुटबॉलची पदवी लागत नाही.

पण पुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे. बग त्या एका माणसात होता की सिस्टिममध्ये होता?

वेंगरनी २०१७ मध्ये परत एफए कप जिंकला, दोन वर्षांचं नवीन कॉन्ट्रॅक्ट सही केलं, आणि २० एप्रिल २०१८ ला जाहीर केलं की सीझनच्या शेवटी मी जातोय. २२ वर्षं, १,२३५ मॅच. ‘आउट’ एकदाचं झालं. मग काय घडलं?

नवीन मॅनेजर उनाय एमरी आले. पहिल्या वर्षी पाचवा नंबर. बाकूमध्ये युरोपा लीगची फायनल, चेल्सीकडून १-४ पराभव. २९ नोव्हेंबर २०१९ ला एमरींना काढलं. डिसेंबरमध्ये मिकेल आर्टेटा आले. २०१९-२० मध्ये आठवा नंबर. २०२०-२१ मध्ये परत आठवा. मध्ये एक एफए कप आला, पण लीगमध्ये आठवा! जो चौथा नंबर “अपयश” म्हणून आपण हिणवत होतो, तो दुर्बिणीतून बघायची वेळ आली.

कारण खालचे सगळे वायरिंगचे प्रॉब्लेम तसेच होते. सांचेझचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं, म्हणून जानेवारी २०१८ मध्ये त्याला सोडावं लागलं. रॅम्झी २०१९ मध्ये फुकटात गेला. खेळाडू कोण निवडतो, पगार कोण ठरवतो, कॉन्ट्रॅक्टवर नजर कोण ठेवतो, हे प्रश्न मॅनेजरच्या खुर्चीपेक्षा मोठे होते. यातला काही दोष वेंगरचाही होता बरं का, कारण इतकी वर्षं सगळ्या चाव्या त्यांच्याच कमरेला होत्या. पण माणूस गेला म्हणून घर आपोआप दुरुस्त होत नाही.

मग सगळा राग मॅनेजरवरच का निघतो?

सोपं आहे. कारण तेवढंच एक बटण आपल्याला दिसतं.

खेळाडू बदलायचे तर ट्रान्सफर विंडो लागते, ती वर्षातून दोनदा उघडते. २५ जणांना एकदम काढता येत नाही. मालकाला तर कोणीच काढू शकत नाही, तो मालक आहे! आर्सेनलमध्ये स्टॅन क्रोएंकेंकडे २०११ पासून बहुमत आहे आणि २०१८ पासून क्लब पूर्ण त्यांचा आहे. युनायटेडमध्ये ग्लेझर कुटुंब २००५ पासून बसलंय, आणि क्लब विकत घेताना काढलेलं कर्ज त्यांनी क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. यांना तुम्ही टचलाइनवर बघता का? नाही. टचलाइनवर कोण असतो? पावसात भिजलेला, लांब कोट घातलेला, चेन अडकली म्हणून वैतागलेला मॅनेजर. हात पोचतो तिथेच चापट बसते.

आणि मालकालाही हे सोयीचं असतं. दहा महिने फॅन मॅनेजरला शिव्या घालतात, मग मालक मॅनेजर बदलतो, लोकांना वाटतं आपलं ऐकलं. पुढचे सहा महिने शांतता. आमच्या भाषेत, सर्व्हर रीस्टार्ट केला. मेमरी लीक तशीच आहे, पण डॅशबोर्ड हिरवा दिसतोय ना, मग झालं.

“पण मॅनेजर बदलला की टीम जिंकायला लागते, हे तर आम्ही डोळ्यांनी बघतो!” असं तुम्ही म्हणाल. बघता, मान्य. पण याच्यात एक गंमत आहे. क्लब मॅनेजरला कधी काढतो? टीम सगळ्यात वाईट खेळत असते तेव्हा. आणि सगळ्यात वाईट काळानंतर काय येतं? बहुतेक वेळा, थोडा कमी वाईट काळ. मॅनेजर बदला किंवा नका बदलू. सर्दी सात दिवसांत बरी होते, आणि काढा घेतला तर एका आठवड्यात, तसं.

बास तेर वील नावाच्या डच अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या लीगचे १९८६ ते २००४ चे निकाल घेऊन हेच तपासलं. ज्या क्लबनी खराब काळात मॅनेजर काढला, आणि ज्यांनी तितक्याच खराब काळात काढला नाही, त्यांची तुलना केली. दोघंही पुढे जवळपास सारखेच सुधारले!

ताजं उदाहरण हवं असेल तर युनायटेडचं घ्या. डिसेंबर २०१८ मध्ये मोरिन्यो गेले, सोल्स्कायर तात्पुरते आले, आणि पहिल्या आठच्या आठ मॅच जिंकल्या. सगळीकडे जल्लोष. २८ मार्च २०१९ ला त्यांना कायम केलं. सीझनच्या उरलेल्या १० मॅचपैकी किती जिंकल्या? २.

उलट उदाहरणही सांगतो, नाहीतर म्हणाल हा एकाच बाजूचं बोलतो. जानेवारी २०२१ मध्ये चेल्सीने लॅम्पार्डला काढलं, टुखेल आले, आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. म्हणजे बदल कधी कधी खरंच लागू पडतो. पण टुखेलला हातात मिळालेली टीम तगडी होती, गाडीचं इंजिन ठीक होतं, ड्रायव्हर बदलायची गरज होती. इंजिनच गेलं असेल तर ड्रायव्हर बदलून गाडी फक्त नव्या माणसाच्या हातात बंद पडते.

“फर्ग्युसनला पण वेळ दिला होता!”

हा डायलॉग प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. खरं आहे. १९८६ मध्ये फर्ग्युसन युनायटेडला आले, आणि १९८९ च्या डिसेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर एका फॅनने बॅनर धरला. अर्थ असा की तीन वर्षं नुसती कारणं ऐकतोय, खेळ अजून भिकारच आहे, चला टाटा फर्गी. पुढच्या मे महिन्यात त्यांनी एफए कप जिंकला. १९९३ मध्ये लीग, २६ वर्षांनी. आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत १३ लीग.

पण या गोष्टीतून “प्रत्येकाला वेळ द्या” हा धडा काढणं म्हणजे, अमक्याने कॉलेज सोडून कंपनी काढली म्हणून आपण पण कॉलेज सोडू, असं म्हणण्यासारखं आहे. ज्यांना वेळ दिला आणि काहीच झालं नाही, त्यांचे बॅनर कोणाच्या लक्षात राहतात? युनायटेडनेच जुलै २०२४ मध्ये टेन हागचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं आणि २८ ऑक्टोबरला काढून टाकलं. धीर धरणं हा काही गुण नाही आणि दोषही नाही. धीर कशासाठी धरतोय, ते माहीत असणं महत्त्वाचं.

आर्टेटाचंच बघा. २०२१-२२ च्या पहिल्या तीन मॅच: तीन पराभव, मारलेले गोल शून्य, खाल्लेले गोल नऊ. टेबलच्या तळाला आर्सेनल. “आर्टेटा आउट” जोरात सुरू. क्लबने ठेवलं. त्या वर्षी पाचवा नंबर, आणि मग सलग तीन वर्षं दुसरा. पण क्लबने नुसता धीर धरला नाही. तरुण खेळाडू घेतले, जुने मोठे पगार काढून टाकले, कोण काय ठरवणार हे ठरवलं. वायरिंगला हात घातला. नुसतं बसून राहिले असते तर आठवा नंबर वाट बघतच होता.

रागाचा धंदा

आता थोडं आपल्याबद्दल बोलू. वेंगरच्या शेवटच्या वर्षांत यूट्यूबवर फॅन चॅनल मोठी झाली. टीम जिंकली तर व्ह्यूज ठीकठाक, हरली तर तुफान. आम्ही जे ॲप बनवतो त्यात “एंगेजमेंट” नावाचा आकडा असतो. त्या आकड्याला तुमचा राग आणि तुमचं प्रेम यातला फरक कळत नाही. पण राग जास्त वेळ स्क्रीनवर ठेवतो, एवढं त्याला कळतं. त्यामुळे तुमच्या फीडमध्ये शांतपणे टॅक्टिक्स समजावणारा माणूस खाली आणि कॅमेऱ्यात किंचाळणारा वर. हे आपोआप होतं.

आणि यात माणसं भरडली जातात. २०१४ मध्ये स्टोकला हरल्यावर रेल्वे स्टेशनवर ट्रेनमध्ये चढणाऱ्या वेंगरना आपल्याच फॅननी शिव्या घातल्या. तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. २०१९ मध्ये आर्सेनलचा कॅप्टन शाका बदली होऊन बाहेर येताना आपल्याच स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली. त्याने चिडून शर्ट काढला, आणि कॅप्टनपद गेलं. नंतर त्याने सांगितलं की त्याच्या बायकोबद्दल आणि लहान मुलीबद्दल काय काय मेसेज येत होते. तोच शाका २०२२-२३ मध्ये आर्सेनलचा कणा होता, आणि पुढच्या वर्षी लेव्हरकुसेनमध्ये जाऊन एकही लीग मॅच न हरता जर्मनीचा चॅम्पियन झाला.

एमरींचं तर मला फारच लागतं. त्यांच्या इंग्लिश उच्चाराची जगभर टिंगल झाली. “गुड इबनिंग, गुड इबनिंग” करत मीम फिरली, आपल्याकडच्या ग्रुपवर पण फिरली. अरे, आपण कोण? आपल्यातल्या निम्म्यांनी क्लायंट कॉलवर “सॉरी, कॅन यू रिपीट?” ऐकून मान खाली घातलेली आहे. मराठी मीडियमच्या पोराने स्पॅनिश माणसाच्या इंग्लिशवर हसावं? त्याच्या टॅक्टिक्सवर बोला ना! आणि माणूस कच्चा होता म्हणाल, तर त्याने २०२१ मध्ये व्हिलारेआलला युरोपा लीग जिंकून दिली. सेमीफायनलमध्ये कोणाला हरवून? आर्सेनलला. मग ॲस्टन व्हिलाला २०२३-२४ मध्ये चौथ्या नंबरवर नेलं.

२०१४ मधली एक गोष्ट मला म्हणूनच आवडते. डेव्हिड मॉइस युनायटेडमध्ये धडपडत होते. काही फॅननी विमान उडवलं, “चुकीचा माणूस, मॉइस आउट.” स्टेडियममध्ये बसलेल्या युनायटेडच्या फॅननी काय केलं माहितीये? त्या विमानाची हुर्यो उडवली आणि मॉइससाठी टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात मॉइस गेले ते गेलेच. पण मैदानातल्या लोकांनी “हा कमी पडतोय” आणि “याला फाडून खा” यातला फरक राखला.

मग काय करायचं, गप्प बसायचं?

अजिबात नाही! फॅनचा आवाज चालतो, फक्त योग्य ठिकाणी लागावा लागतो.

वेंगरच्या शेवटच्या सीझनमध्ये एमिरेट्समध्ये रिकाम्या खुर्च्या दिसायला लागल्या. १ मार्च २०१८ ला सिटीकडून ०-३ ने हरले, त्या रात्रीचे फोटो बघा. बर्फ पडत होता हे खरं, पण नुसता बर्फ नव्हता. अधिकृत आकडा विकलेल्या तिकिटांचा असतो, खुर्च्यांवरच्या माणसांचा नाही. सात आठवड्यांत वेंगरच्या जाण्याची घोषणा झाली. विमानाच्या बॅनरपेक्षा मालकाला रिकामी खुर्ची जास्त स्पष्ट वाचता येते.

दुसरं उदाहरण याहून मोठं. १८ एप्रिल २०२१ ला युरोपच्या १२ श्रीमंत क्लबनी सुपर लीग जाहीर केली. सहा इंग्लिश क्लब त्यात, आर्सेनल आणि युनायटेड दोघंही. फॅन रस्त्यावर आले. चेल्सी, आर्सेनल, युनायटेड, लिव्हरपूल, सगळे एकमेकांचे वैरी एका बाजूला. २० एप्रिलच्या रात्रीपर्यंत सहाही क्लब बाहेर! दोन दिवस. मॅनेजर हाकलायला वर्षानुवर्षं लागली, आणि मालकांचा सगळ्यात मोठा प्लॅन दोन दिवसांत कोसळला. कारण त्या वेळी रागाचा पत्ता बरोबर होता.

आता आपलं काय? आपल्याकडे सीझन तिकीट नाही. रिकामी ठेवायला खुर्चीसुद्धा नाही! कोल्हापूरवाल्यांचं बरं आहे. पाटाकडील किंवा शिवाजी मंडळ हरलं तर शाहू स्टेडियममधून बाहेर पडल्यावर कोच त्याच पेठेत भेटतो, तोंडावर बोलता येतं. आणि तो तोंडावर भेटतो म्हणूनच बोलताना थोडी लाजही राहते. लंडनच्या क्लबच्या बाबतीत आपल्याकडे ना खुर्ची, ना पेठ. आपल्याकडे एकच गोष्ट आहे जी क्लबला, चॅनलला आणि स्पॉन्सरला हवी असते: आपलं लक्ष. आपला क्लिक, आपलं सबस्क्रिप्शन, आपली जर्सी. तीच आपली खुर्ची. ती कुठे ठेवायची आणि कधी रिकामी सोडायची, हे आपल्या हातात आहे.

म्हणून पुढच्या वेळी “अमुक आउट” टाइप करायच्या आधी तीन प्रश्न विचारा. एक, टीम हरतेय, पण खेळ सुधारतोय की तीच चूक वर्षानुवर्षं होतेय? दोन, हे खेळाडू कोणी निवडले, कॉन्ट्रॅक्ट कोणी दिली, म्हणजे खरी चावी कोणाकडे आहे? तीन, मी कामावर बोलतोय की माणसावर?

पहिल्याचं उत्तर “तीच चूक” असेल, तर बिनधास्त बोला. वेंगरच्या वेळी बोलणारे बरोबर होते. दुसऱ्याचं उत्तर मालक असेल, तर नाव मालकाचं घ्या. आणि तिसऱ्याचं उत्तर “माणसावर” असेल, तर फोन ठेवा आणि झोपा. उद्या स्टँडअप आहे.

६ मे २०१८ ला वेंगरची एमिरेट्सवरची शेवटची मॅच झाली, बर्नलीवर ५-० विजय. आउट म्हणणारे आणि इन म्हणणारे, सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या दिवशी स्टेडियम भरलेलं होतं. जाताना वेंगर एवढंच म्हणाले होते की फॅनमधली फूट जगभर दिसली, त्याचं दुःख झालं. मला वाटतं, त्या टाळ्या आणि तो राग एकाच जागेतून आले होते. प्रश्न एवढाच आहे की टाळ्या वाजवायला आपण माणूस जायची वाट का बघतो.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या क्लबचा मॅनेजर कोण आणि त्याने राहावं की जावं, कमेंटमध्ये लिहा. पण ते तीन प्रश्न विचारून मग लिहा. भाग आवडला तर ग्रुपवर टाका, खास करून त्या एका मित्राला पाठवा जो दर रविवारी सकाळी मॅनेजर बदलतो. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि रात्रीच्या मॅचनंतर गाडी जपून चालवा!